नव्वद मिनिटांची टेस्ट

बारामतीच्या एमआयडीसीत ठिबकच्या पेट्या बनवणारी एक छोटी कंपनी होती. तिथलं खिडकीजवळचं टेबल विनयाचं. ती तिथं बसायची असं म्हणायचं एवढंच. खरं तर दर पंधरा मिनिटांनी उठायची. बाटली भरून आणायची, जिन्यापर्यंत जाऊन यायची, मग खुर्चीच्या पाठीला धरून उभ्यानंच स्क्रीन वाचायची. वय एक्केचाळीस, पण अंगातली चुळबुळ शाळेतल्या मुलीची. घरातून निघाली की गॅसचं बटण बघायला परत फिरायची, कुलूप दोनदा ओढून बघायची. नवरा रमाकांत बँकेत होता. तो स्कूटर चालू करून फाटकाशी निवांत उभा राहायचा, कारण ही अजून एकदा आत जाणार हे त्याला ठाऊक असायचं.

कराडला इंजिनिअरिंग, पुण्यात आठ वर्षं नोकरी, मग मुलगी झाली, रमाकांतची बदली बारामतीला झाली आणि विनया नऊ वर्षं घरी राहिली. त्या नऊ वर्षांत तिनं घर इतकं आवरलं की आवरायला काही उरलं नाही. पडदे शिवून झाले, माळा दोनदा उपसून झाला, इराचा अभ्यास इरापेक्षा तिचाच जास्त पाठ झाला. अविराज नावाच्या तेहतीस वर्षांच्या मालकाला कंपनीसाठी माणूस हवा असल्याचं कुणाकडून तरी कळलं, तेव्हा ती मुलाखतीला अर्धा तास आधी जाऊन रस्त्यावर फेऱ्या मारत होती. अविराजनं विचारलं, दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायचं काम आहे, कंटाळा नाही ना येणार? विनया म्हणाली, तेच तर मी आयुष्यभर करत आलेय.

शेतात बसवायची ती पेटी म्हणजे एक लहानसा संगणकच. ठिबकचे वॉल्व्ह वेळेवर उघडायचे, वेळेवर बंद करायचे, पाण्यातून खताचा डोस सोडायचा, ही तिची कामं. कुठल्याही संगणकात असते तशी तिच्यातही ऑपरेटिंग सिस्टिम, आणि त्या सिस्टिमचा अगदी आतला गाभा म्हणजे कर्नल. वॉल्व्ह हलवणारा कोड त्या कर्नलमध्येच होता. वरच्या एखाद्या ॲपमध्ये चूक झाली तर ॲप बंद पडतं, पुन्हा उघडता येतं. कर्नलमध्ये चूक झाली तर अख्खी पेटी गप्प होते, नाहीतर बोलत राहते आणि चुकीचं बोलते. म्हणून त्या कोडला हात लावायला सगळे बिचकायचे. विनयानं मात्र तोच भाग घेतला. कोडचा एकेक लहान तुकडा वेगळा काढायचा, त्याला एक आकडा द्यायचा, काय उत्तर यायला हवं ते आधी लिहून ठेवायचं आणि तेच येतं का बघायचं. पेटी लागत नाही, पाण्याचा थेंब लागत नाही, टेबलावरच्या संगणकात सगळं चालतं. याला युनिट टेस्ट म्हणतात. दोन वर्षांत तिनं अशा दोनशे चौदा टेस्ट लिहिल्या होत्या. रोज सकाळी आल्याबरोबर ती त्या चालवायची. स्क्रीनवर हिरव्या ओळी वरून खाली उतरत जायच्या आणि तेवढी दोन-तीन मिनिटं तिचे हातपाय स्थिर असायचे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी यशराजचा फोन आला. यशराज कंपनीचा सर्व्हिसचा माणूस, गावोगाव फिरून पेट्या बसवायचा आणि तक्रारी बघायचा. तो निरवांगीत होता. बनाबाई म्हणून एका शेतकरीणबाईंच्या शेडनेटमध्ये ढोबळी मिरची होती आणि ऊन वाढल्यापासून झाडं माना टाकत होती. पाणी दीड तासाचं लावलेलं, पण वॉल्व्ह आधीच बंद होतो असं घरातले म्हणत होते. पेटीतल्या नोंदी बघितल्या तर सगळीकडे 'पूर्ण' लिहिलेलं, बिघाड कुठंच नाही. यशराजनं विचारलं, आपल्या कोडमधून असं होऊ शकतं का?

विनयानं समोरच्या हिरव्या ओळींकडं पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "वेळेच्या सगळ्या टेस्ट पास आहेत. कुणीतरी हातानं बंद करत असेल."

पेटीला हातानं बंद करायचं एक लाल बटण होतं, आणि ते दाबलं तरी नोंदीत 'पूर्ण' असंच यायचं. तेव्हा उत्तर पटण्यासारखं होतं. यशराजनं फोन ठेवला. विनया पाण्याची बाटली भरायला उठली आणि विषय तिच्या डोक्यातून गेला.

तो परत आला तो नऊ दिवसांनी, चहाच्या वेळी. यशराज कुणाला तरी गमतीनं सांगत होता की निरवांगीच्या त्या आजी मोठ्या हुशार, म्हणे पाणी रोज अठराच मिनिटं चालतं, एक मिनिट इकडं नाही की तिकडं. विनया कप घेऊन तिथंच थांबली. माणूस बटण दाबतो तो कधी दहा मिनिटांनी दाबेल, कधी पंचवीस. रोज अठरा कसा दाबेल? तिनं यशराजला त्या नोंदींची कॉपी मागितली. ती त्याच्या लॅपटॉपमध्ये होती. अकरा दिवसांच्या अकरा ओळी. सहा दहाला उघडला, सहा अठ्ठावीस पंचवीसला बंद. दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची वेळ वेगळी, बंद व्हायची वेगळी, मधलं अंतर तेच. अठरा मिनिटं पंचवीस सेकंद. अकराही दिवस.

संध्याकाळी जेवताना तिनं इराला दोनदा आमटी वाढली. रमाकांतनं काय झालं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं. त्याला कोडमधलं काही कळत नव्हतं, पण ऐकायची सवय होती. त्यानं साधंच विचारलं की तुझ्या त्या टेस्टमध्ये तू किती किती मिनिटं घालून बघितली होतीस.

"एक, पंधरा, तीस, साठ," विनया म्हणाली. साठच्या पुढं काही नव्हतं. पेटीच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं होतं, एका वेळी चार तासांपर्यंत पाणी लावता येतं. तिनं ते वाचलेलंही होतं. कुणी शून्य मिनिटं लावली तर काय, कुणी उणे आकडा घातला तर काय, हे सगळं तिनं तपासलं होतं. पण तास हा गोल आकडा, तो आला की झालं, असं त्या दिवशी तिला वाटलं होतं. वेळेची ती टेस्ट कंटाळवाणी होती आणि पुढची जास्त मजेची होती, एवढंच तिला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला वॉचमननं शटर वर केलं तेव्हा ती दारात उभी होती. नव्वद मिनिटांची टेस्ट लिहायला चार ओळी पुरल्या. चालवली. लाल ओळ आली. यायला हवे होते पाच हजार चारशे सेकंद. आले अकराशे पाच. अकराशे पाच सेकंद म्हणजे अठरा मिनिटं पंचवीस सेकंद.

मग ती एकेक मिनिटानं खाली-वर करत गेली. एकाहत्तर हिरवं. बहात्तर लाल. खताचा डोस बारीक मोजता यावा म्हणून मागच्या वर्षी पावसाळ्यात कुणीतरी वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ठेवायला सुरुवात केली होती, आणि ज्या जागेत ती ठेवली होती तिथं चारशे एकोणतीस कोटींच्या वर आकडा मावत नव्हता. जुन्या मोटारसायकलचे किलोमीटरचे आकडे सगळे नऊ झाले की परत शून्यावर येतात, तसं. एकाहत्तर मिनिटं पस्तीस सेकंद झाली की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. थंडीत सगळे अर्धा तास, पाऊण तास पाणी लावत होते, तोवर कुणाला काही कळलं नव्हतं. ऊन वाढलं, लोकांनी जास्त पाणी मागितलं, आणि पेटीनं कमी दिलं.

कोड दुरुस्त करायला वीस मिनिटं लागली. अविराज आल्यावर तिनं त्याला सगळं दाखवलं. तो लबाड माणूस नव्हता. त्यानं ते दोनदा नीट बघितलं, कपाळ चोळलं आणि म्हणाला की दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये घालू, 'वेळेच्या अचूकतेत सुधारणा' असं लिहू. उन्हाळ्याच्या तोंडावर लोकांना घाबरवायचं कशाला? चुका सगळ्यांच्याच मशीनमध्ये असतात. विनया म्हणाली, उन्हाळ्याच्या तोंडावरच तर सगळे साठचे नव्वद करणार. तिला खुर्ची दिली होती पण ती बसली नव्हती. दारापासून टेबलापर्यंत येरझाऱ्या घालत होती. शेवटी अविराज म्हणाला, तुम्ही निरवांगीची पेटी आजच अपडेट करून या, पण तिथं जास्त काही बोलू नका. विनया हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

यशराजच्या गाडीतून ती निघाली. रस्ताभर तिचा पाय गाडीच्या तळाशी हलत होता. कळंब गेलं, निमसाखर गेलं. दोन्ही बाजूंना तोडणी झालेल्या उसाचं पाचट पसरलेलं. तिच्या मनात फक्त मिरची होती. झाडं किती गेली असतील, किती वाचतील, एवढंच ती यशराजला विचारत होती.

बनाबाई शेडनेटच्या दाराशीच भेटल्या. साठीच्या, काटक, डोक्यावरचा पदर उन्हानं विटलेला. आत झाडं उभी होती, पण फुलं खाली मातीत सांडलेली, पिवळी पडलेली. मुलगा लखन वॉल्व्हपाशी होता. आता पेटीवर विश्वास न ठेवता तो हातानंच पाणी सोडत होता. यशराजनं पेटीला लॅपटॉप जोडला. विनयानं बनाबाईंना मावशी म्हणून हाक मारली आणि काय झालं होतं ते जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. चूक पेटीत होती. घरातल्या कुणी बटण दाबलं नव्हतं.

लखननं हातातला पाना खाली ठेवला.

"त्या दिवशी फोनवर बोलली ती बाई कोन व्हती?" बनाबाईंनी विचारलं. "ह्या पोरानं फोन मोठ्यानं लावला व्हता. आमी समदी हितंच हुबी व्हतो."

"मीच होते, मावशी."

"तुमी म्हनला, हातानं बंद करतंय कुनीतरी."

"हो."

"सकाळचं पानी माजी सून बघायची. निकिता. दुसऱ्या कुनाचा हात त्या पेटीला लागत न्हाय."

पुढचं लखननं सांगितलं, तेही तुटक. फोन ठेवल्यावर घरात बोलाबोली झाली होती. निकिता म्हणत होती, मी हात लावला नाही. आई म्हणत होती, कंपनीची शिकलेली बाई खोटं कशाला बोलेल, घाईनं सकाळी बंद करून मोबाइल बघत बसत असशील. लखन मध्ये पडला नव्हता. तिसऱ्या दिवशी निकिता पिंपळीला माहेरी निघून गेली. त्याला आता आठवडा झाला होता. लखननं दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही.

विनयाला एकदम बसावंसं वाटलं. तिथं बसायला काही नव्हतं. ती मिरचीच्या ओळीत दहा पावलं आत गेली आणि परत आली. मग म्हणाली, पिंपळी आमच्या वाटेवरच आहे, मी जाऊन तिला सांगते. बनाबाईंनी मान हलवली.

"तुमी सांगून काय व्हनार? बोल तर मी लावला," त्या म्हणाल्या. "थांबा वाईच."

त्या घरात गेल्या, लुगडं बदललं, मोकळ्या हातानं कसं जायचं म्हणून पिशवीत थोड्या मिरच्या घातल्या आणि गाडीत येऊन बसल्या. लखनला त्यांनी चल म्हटलं नाही आणि तोही स्वतःहून आला नाही. पिंपळी येईपर्यंत त्या बाहेर बघत होत्या. एकदाच म्हणाल्या की पोरगी कामाला वाघीण आहे.

निकिता माहेरच्या ओसरीवर आईबरोबर मेथीच्या जुड्या बांधत होती. पंचविशीची, सावळी, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली. सासूला बघून ती उठली, पाणी आणून दिलं आणि पुन्हा जुड्यांपाशी बसली. विनया तिच्यासमोर जमिनीवर बसली. कंपनीचं नाव, स्वतःचं नाव सांगितलं.

"त्या दिवशी फोनवर मी होते," ती म्हणाली. "कुणीतरी हातानं बंद करत असेल असं मी म्हटलं. ते खरं नव्हतं. चूक पेटीत होती आणि ती शोधायचं काम माझं होतं. मी त्याची टेस्टच लिहिली नव्हती."

निकितानं जुडीला गाठ मारली. "टेस्ट म्हंजे काय करता तुमी?"

"वेगवेगळी मिनिटं घालायची. प्रत्येक वेळी उत्तर बरोबर येतं का बघायचं आणि लिहून ठेवायचं."

निकिता उठून आत गेली. शाळेची असते तशी एक वही घेऊन आली, मागचं पान उघडलं आणि विनयाच्या पुढ्यात ठेवलं. निळ्या पेनानं दोन रकाने आखलेले. डावीकडं पेटीत लावलेली मिनिटं, उजवीकडं मोबाइलच्या घड्याळावर मोजलेली. साठला साठ. पंच्याहत्तरला तीन. ऐंशीला आठ. नव्वदला अठरा. एकशेवीसला अठ्ठेचाळीस.

"ही अशी?" तिनं विचारलं.

विनया ते पान कितीतरी वेळ बघत राहिली. सगळे आकडे बरोबर होते. कोड न बघता, शेडनेटच्या उन्हात उभं राहून हिनं ते काढले होते, आणि ते करताना लोक हिलाच दोष देत होते. बनाबाईंनी यशराजला सांगितलेली ती अठरा मिनिटंही हिनंच मोजून त्यांच्या कानावर घातलेली होती.

"हे कुणाला दाखवलं होतंस?"

"ह्यांना दाखवलं. आत्यांना बी दाखवलं." निकितानं वही मिटली. "पण तुमी कंपनीच्या. तुमी वही न बघताच बोलला, आन् तुमचंच खरं धरलं समद्यांनी."

विनयानं माफी मागितली, पण ती मागतानाच तिला ती अपुरी वाटत होती. बनाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या पुढं सरकल्या.

"वही म्या बी बघितली न्हाय," त्या म्हणाल्या. "डोळ्यापुढं धरलीस तरी बघितली न्हाय. चुकलं माजं. चल घरी."

"आज न्हाय, आत्या," निकिता म्हणाली. "त्यांनी येऊ द्या."

बनाबाईंनी हट्ट केला नाही. मिरच्यांची पिशवी तिच्या आईकडं दिली, चहा घेतला. यशराज त्यांना परत निरवांगीला सोडायला गेला आणि विनया पिंपळीच्या फाट्यावरून एसटीनं बारामतीला आली. येताना तिच्या मोबाइलमध्ये त्या पानाचा फोटो होता. निकिताला विचारून घेतलेला.

तो फोटो उघडून तिनं मोबाइल अविराजच्या टेबलावर, त्याच्यासमोर ठेवला आणि निकिताची हकिकत सांगितली. या वेळी ती उभी राहिली, चालली नाही. अविराजनं बराच वेळ फोटोकडं बघितलं. पेट्या घेतलेल्या सगळ्या शेतकऱ्यांसाठी तिनं लिहून आणलेल्या निरोपातली दोन वाक्यं त्यानं काढून टाकली, पण 'चूक आमची आहे, शेतकऱ्याची नाही' हे वाक्य ठेवलं. पेटी अपडेट होईपर्यंत एका वेळी सत्तर मिनिटांपेक्षा जास्त पाणी लावू नका, लागलं तर दोनदा लावा, असं त्यात लिहिलं होतं. तो निरोप त्याच संध्याकाळी सगळ्यांना गेला. पुढचे दोन दिवस फोन थांबले नाहीत. चौघांनी पेट्या परत केल्या. एका माणसानं सोमेश्वरनगरहून गाडी करून येऊन अविराजला दारातच बोल लावले, आणि अविराजनं ते ऐकून घेतले. बऱ्याच शेतांत मोबाइलची रेंज नव्हती, तिथं लॅपटॉप जोडूनच पेटी अपडेट करावी लागायची, म्हणून विनया आणि यशराज पाच आठवडे गाडी घेऊन आसपासचे तालुके फिरत राहिले.

लखन त्यानंतर आठव्या दिवशी पिंपळीला गेला. तिथं काय बोलणं झालं ते कुणी सांगितलं नाही, पण निकिता परत आली आणि पेटीचं काम पुन्हा तिनंच घेतलं. मिरचीचा पहिला बहार गेला तो गेलाच. नंतर झाडं सावरली, फुलं धरली, उशिरा का होईना माल निघाला. मागच्या वर्षीइतका नाही.

विनयानं निकिताच्या पानावरचे पाचही आकडे टेस्टमध्ये घातले. मग वेळेला हात लावणारा सगळा कोड पुन्हा काढला. दोनशे चौदाच्या तीनशे सहा झाल्या. सकाळी हिरव्या ओळी उतरायच्या, पण आता त्यांनी तिला स्वस्थता येत नव्हती. प्रत्येक ओळीला ती मनात विचारायची, मी तुला काय विचारलंच नाही? रमाकांतच्या लक्षात आलं की ती झोपेतही पाय हलवते. तो म्हणाला, थोडं कमी कर. तिनं प्रयत्न करते म्हटलं. जमलं नाही.

मे महिन्यात एका दुपारी तिनं निकिताला फोन केला. आधी मिरचीचं विचारलं, बनाबाईंचं विचारलं. मग म्हणाली की मला एक सांग, तुम्ही लोक त्या पेटीशी असं काय काय करता, जे आम्हाला इथं बसून सुचणार नाही.

निकितानं थोडा विचार केला. मग सांगितलं की विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटर हवा घेते. तेव्हा आमी वॉल्व्ह उघडा असतानाच मोटरची आणि पेटीची लाइट एकदमच बंद करतो, चालू करतो, परत बंद करतो. दहा-बारा वेळा. मग पाणी ओढते ती.

"वॉल्व्ह उघडा असताना?"

"व्हय. वस्तीवरली समदीच करत्यात. का, करू नये का?"

विनया खुर्चीतून उठली होती. वॉल्व्ह उघडा असताना वीज गेली तर किती वेळ उरला होता हे पेटी कुठं लिहून ठेवते, आणि लिहितानाच पुन्हा वीज गेली तर काय होतं, ते तिला ठाऊक नव्हतं. तशी एकही टेस्ट नव्हती.

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "बघावं लागेल. तू फोन ठेवू नकोस. किती वेळा करता म्हणालीस? आणि मध्ये किती सेकंद थांबता?"

निकिता सांगत गेली आणि विनया उभ्या उभ्या लिहून घेत राहिली.